रंगीत नक्षीचं विणकाम : वहीत गोल, विणल्यावर चपटं

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहिली की हा गोल स्वेटरच्या छातीवर विणावा, असं विणणाऱ्या कुणालाही वाटेल. चौकडीच्या वहीत २१ चौकटी रुंद आणि २१ उंच असा गोल भरला जातो आणि सुया हातात घेतल्या जातात. विणून होतं तेव्हा वरून दाबल्यासारखा लंबगोल समोर येतो. मग दोष हाताला दिला जातो. खरा घोटाळा वहीत असतो, कारण वहीतली चौकट चौरस आणि सुलट टाका रुंदीला जास्त, उंचीला कमी. १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी बसत असतील, तर २१ टाके म्हणजे १०.५ सेंमी, पण २१ ओळी म्हणजे फक्त ७.५ सेंमी. गोल गोलच दिसायला हवा तर त्याच रुंदीला २९ ओळी द्याव्या लागतील.

त्यातही हे माप साध्या एकरंगी विणीचं झालं. पाठीमागून दुसरा धागा ओढत नेला की टाका थोडा चौरसाकडे झुकतो आणि हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून नमुन्याचा तुकडा त्याच लोकरीचा, त्याच सुयांचा आणि दोन्ही रंगांचा हवा. टोपी गोल, म्हणजे फेरीवर फेरी विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा. सपाट विणताना येणाऱ्या उलट ओळींवर बहुतेकींचा हात वेगळा चालतो. तुकडा धुऊन, वाळवून मग मोजा आणि त्या मापावर चौकटी आखा. चित्र आधी आणि वीण नंतर, असा क्रम ठेवला की पुढची निम्मी उसवाउसव तिथेच ठरते.

नेटवरचा नमुना घेताना सुईचा नंबर जसाच्या तसा उचलू नका. आपल्या दुकानातली ८ नंबरची सुई ४ मिमीची, अमेरिकन ८ नंबर ५ मिमीची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. मिलिमीटर बघायचे, बस्स.

सगळ्यात जास्त वाट लागते ती पाठीमागच्या धाग्यांनी. समजा निळ्यावर पांढऱ्या शिडाची होडी आहे. शीड १५ टाके रुंद असेल तर निळा धागा तेवढं अंतर मागून लोंबत जातो. तो जरा ओढला गेला तरी पुढून चुण्या पडतात, सैल राहिला तर कडेचा टाका फुगतो. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके नीट पसरून घ्या आणि मगच नवा धागा आणा. एवढ्यानेच बऱ्याच चुण्या जातात. साधारण ५ टाक्यांपेक्षा लांब उडी असेल तर मध्ये एकदा धाग्याला धाग्याची अढी द्या. पण प्रत्येक ओळीत त्याच जागी नको, पुढच्या बाजूने उभी रेघ उमटते. तान्ह्या बाळाचे मोजे असतील तर मी ३ टाक्यांच्या पुढे उडीच ठेवणार नाही. इवलीशी बोटं त्या धाग्यात अडकतात आणि बाळ का रडतंय ते घरात कुणाला कळत नाही.

पापलेटसारखं एकच मोठं चित्र असेल तर मागून धागा ओढण्याचा हट्ट सोडा. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी गुंडी घ्या आणि जिथे रंग बदलतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत पिळा, नाहीतर भोक पडतं. ही रीत सपाट विणीसाठी आहे. गोल टोपीवर धागा चित्राच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसतो आणि पुढच्या फेरीत हाती लागत नाही. माशाचा डोळा, होडीची दोरी असल्या बारीकसारीक गोष्टी विणून झाल्यावर दाभणाने टाक्यावर टाका घालून काढाव्यात. चुकीच्या रंगाचा एखादा टाका आढळला तरी हाच उपाय, उसवायची गरज नाही.

टोपीला ९६ टाके आणि नक्षी १४ टाक्यांची, हे कधीच जुळणार नाही. शेवटी अपुरा मासा उरतो. नक्षी १२ किंवा १६ ची करा. शिवाय दोन रंगांची वीण कमी ताणली जाते, त्यामुळे डोक्यावर बसणारी पट्टी एकरंगी रिबची, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या ताणणाऱ्या विणीची ठेवा. गळ्याकडून खाली विणायचा स्वेटर असेल तर आराखडा उलटा धरून वाचा, नाहीतर होडी पालथी होईल.

समुद्राचा निळा आणि माडाचा हिरवा दुकानात शेजारी ठेवले की छान दिसतात, विणीत मात्र एकमेकांत मिसळून जातात. दोन्ही गुंड्यांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. राखाडी छटा सारखी आली तर जोडी बदला. नक्षीचा धागा कायम खालून आणि पार्श्वभूमीचा वरून आणा. खालचा रंग उठून दिसतो, आणि मध्येच अदलाबदल झाली तर तेवढा पट्टा फिका वाटतो.

आता आपल्या हवेचं. दोन रंगांची वीण म्हणजे अंगावर जवळजवळ दुप्पट जाडी. रत्नागिरी-मालवणात अख्खा स्वेटर अशा विणीचा करणं म्हणजे घामाला आमंत्रण. नक्षी बाहीच्या कडेला किंवा खालच्या पट्टीतच शोभते. थंडीच्या गावी राहणाऱ्या नातवंडांसाठी विणत असाल तर गोष्ट वेगळी. पिशवीला सुती धागा चांगला, पण तो लोकरीसारखा लवचिक नसतो, हाताच्या चुका झाकत नाही आणि स्वतःच्या वजनाने लांबतो. लाल सुताचा रंग सुटतो का, ते आधी ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवू नका, वीण मरून लुळी पडते. पावसाळ्यात दुहेरी वीण आतून लवकर वाळत नाही, कुबट वास धरते, तेव्हा धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि पंख्याखाली आडवी पसरा. मुलामा गेलेल्या लोखंडी सुयांवर अर्धवट काम तसंच ठेवून देऊ नका. खाऱ्या हवेत सुई गंजते आणि पांढऱ्या लोकरीवरचा तो डाग सहजासहजी निघत नाही.