थायलंडमध्ये एटीएमने कापलेले पैसे आणि मी काढलेला मार्ग

बँकॉकमध्ये पहिल्या चार दिवसांत मी भारतीय डेबिट कार्डाने चार वेळा दोन-दोन हजार बाट काढले आणि हॉटेलवर परतल्यावर खात्याचा उतारा पाहून चक्रावलो. तेथील एटीएमने परदेशी कार्डासाठी दर वेळी 220 बाट आकारले होते, म्हणजे आठ हजारांवर 880 बाट, थेट 11 टक्के! त्यावर माझ्या बँकेचे प्रत्येक व्यवहाराचे ठरावीक शुल्क, चलनबदलाचे साडेतीन टक्के आणि या शुल्कांवर 18 टक्के जीएसटी होता तो वेगळाच.

खरी चूक मात्र माझीच होती. रक्कम रुपयांत दाखवून ‘मान्य आहे का’ असे यंत्राने विचारले, तेव्हा आकडा ओळखीचा वाटल्याने मी होकार दिला. प्रत्यक्षात त्या होकारामुळे विनिमयदर एटीएम चालवणाऱ्या बँकेने ठरवला आणि तो व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड-कंपनीच्या दरापेक्षा बराच महाग पडला.

पाचव्या दिवशी मी तो पर्याय नाकारला. व्यवहार रद्द होईल अशी धास्ती होती, पण पैसे निमूटपणे बाहेर आले आणि हिशेब बाटमध्येच झाला. उरलेल्या आठवड्याची दहा हजार बाटांची रक्कम एकदम काढल्याने 220 बाटांचा भार सव्वादोन टक्क्यांच्या आत आला. पुढच्या खेपेस मी मुंबईहून थोडे डॉलर नेले आणि ते विमानतळाऐवजी शहरातल्या चलनबदल केंद्रात बदलून घेतले.