जिनिव्हाची पेन्शन परभणीत घेताय? मग या चुका टाळा

परभणीत कुणाला सांगितलं की आमचे मामा आयटीयूतून रिटायर झाले, तर समोरचा हमखास विचारतो, "आयटीआय का? कोणत्या ट्रेडला होते?" मामा आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाहीत, "फिटर" म्हणून मोकळे होतात. खरं म्हणजे आयटीयू ही जिनिव्हातली इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियन, १८६५ ला पॅरिसमध्ये तारेसाठी म्हणून सुरू झालेली, १९४७ पासून युनायटेड नेशन्सच्या गोतावळ्यात, आणि आपल्या मोबाईल नंबरच्या आधी जो ९१ लागतो ना तसले देशांचे कोड वाटणारी हीच. मामा आधी आपल्या दूरसंचार खात्यात होते, मग तिकडं गेले, रिटायर झाल्यावर परत वसमत रोडला घर बांधून राहिले. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात, आमच्या घरात त्याच्या मधे जिनिव्हा पण येतं.

तर त्यांच्या पेन्शनचे कागद मागच्या काही वर्षांपासून मी बघायलोय. मराठवाड्यात आयटीयूवाले बोटावर मोजण्याइतकेच असतील, पण डब्ल्यूएचओ, युनिसेफ, एफएओ, आयएलओ यांच्या रिटायर्ड लोकांना पण पेन्शन त्याच एका फंडातून येते, युनायटेड नेशन्स जॉइंट स्टाफ पेन्शन फंड, १९४९ पासून चालू आहे. म्हणून खालचं सगळं त्यांना पण लागू. आणि त्यांच्या पोरांना तर जास्तच, कारण शेवटी पळापळ आपल्यालाच करावी लागते.

बँकेत हयातीचा दाखला दिला म्हणजे झालं असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि आमच्याकडं झालेली. मामांना दूरसंचार खात्याची थोडी पेन्शन इकडची पण आहे. नोव्हेंबर आला की जुने सहकारी जमतात, सगळे मिळून जातात, मशीनवर बोट ठेवतात, जीवन प्रमाण निघालं की स्टेशनजवळ चहा घेऊन घरी. मामांनी त्या वर्षी पण हेच केलं आणि निवांत झाले. पुढच्या वर्षी इकडची पेन्शन येतीय आणि तिकडची येईना. मामा म्हणले, "अरे मी तर जिवंत असल्याचं नोव्हेंबरातच सांगितलंय की!"

सांगितलं होतं, पण भारत सरकारला. जीवन प्रमाण आधारवर चालतं, ते आपल्या इकडच्या पेन्शन देणाऱ्यांसाठी आहे, न्यूयॉर्कला आणि जिनिव्हाला बसलेल्या फंडाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. त्यांचा वेगळा दाखला असतो, सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट, सगळे नुसतं सीई म्हणतात. तो दरवर्षी द्यायचा, नाही दिला की पेमेंट थांबतं. आमचा सीईचा फॉर्म सापडला कुठं माहितीये का, लाईट बिलं आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, पाकीट न फोडलेलं. मामींना वाटलं कसली तरी जाहिरात.

थांबलेला पैसा बुडत नाही, दाखला पोचला आणि मान्य झाला की मागचं सगळं मिळतं. म्हणून घाबरू नका, पण त्या मधल्या महिन्यांत औषधं, घरचा खर्च कुठून करायचा हे ज्याचं त्यालाच माहीत. आणि हो, नोव्हेंबरची वाट बघत बसू नका, तो महिना इकडच्या दाखल्याचा आहे. तिकडचा फॉर्म आधीच येऊन पडलेला असू शकतो, त्याच्या पत्रावर मुदत असते ती बघा आणि कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा.

कागदाचा फॉर्म भरताना

फॉर्मवर बारकोड असतो, तो त्या वर्षाचा असतो. मागच्या वर्षीची झेरॉक्स काढून तारीख बदलून पाठवणं चालत नाही (विचारलंय एकानं मला, हसू नका). सही स्वतःची, पेनानं केलेली, आणि फंडाकडं नोंदलेल्या सहीशी जुळणारी. इथं मामांनी अजून एक घोळ घातला होता. परत आल्यावर अभिमानानं मराठीत सही करायला लागले, बँकेत, सोसायटीत, सगळीकडं. अभिमान चांगलाच आहे हो, पण जिनिव्हातल्या फाइलीत तीस वर्षं इंग्रजी सही आहे, ते बिचारे देवनागरी सही बघून काय करणार. तिकडच्या कागदावर तिकडचीच सही.

वयानं हात थरथरतो, सही जुळत नाही, मग घरातलं कुणीतरी "आणा इकडं मी मारतो" म्हणतं. अजिबात करू नका, मुखत्यारपत्र असलं तरी नाही. सही जमत नसेल तर अंगठा चालतो पण साक्षीदाराच्या सहीशिक्क्यासह, आणि साक्षीदार कोण चालेल ते फंडाला आधी विचारून घ्या, नाहीतर ओळखीच्या नगरसेवकाचा शिक्का मारून पाठवाल आणि परत पहिल्यापासून.

पोस्टानं पाठवायचं असेल तर लवकर पाठवा. नाहीतर फंडाच्या वेबसाइटवर मेंबर सेल्फ सर्व्हिस म्हणून स्वतःचं खातं उघडता येतं, तिथून सही केलेला फॉर्म स्कॅन करून अपलोड करता येतो. स्कॅन म्हणजे स्कॅन, पलंगावर फॉर्म ठेवून पंख्याच्या सावलीत काढलेला फोटो नाही.

अ‍ॅपला घाबरणं, किंवा अ‍ॅप अर्धवट करून सोडणं

२०२१ पासून फंडानं डिजिटल सीईचं अ‍ॅप काढलंय. चेहरा दाखवायचा, दाखला गेला. पोस्ट नाही, बारकोड नाही, सहीचं झेंगट नाही. आता माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्याकडं बरा फोन आहे त्यानं कागदाच्या नादी लागूच नये. पण लोक काय करतात, अ‍ॅप डाऊनलोड करतात, त्यावर आपला फोटो वगैरे दिसला की समजतात झालं. नाही झालं. पहिल्यांदा ओळख पटवायला व्हिडिओ कॉलची अपॉइंटमेंट घ्यावी लागते, पलीकडचा माणूस तुमचं ओळखपत्र बघतो, मग तुमची नोंद होते. ते एकदाच. त्यानंतर दरवर्षी दाखला स्वतःहून काढावा लागतो, अ‍ॅप फोनमधे आहे म्हणून तो आपोआप जात नाही.

व्हिडिओ कॉलच्या टायमाचा घोळ आमचा पण झाला. उन्हाळ्यात जिनिव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार, न्यूयॉर्क तर साडेनऊ आणि साडेदहा. मामा घड्याळ जिनिव्हाचं लावून बसले आणि वेळ होती दुसरीच. त्यात परभणीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लाईट गेली की वायफाय गेलं, म्हणून मोबाईलचा नेट चालू ठेवा आणि खिडकीकडं तोंड करून बसा, पाठ करून नाही, नाहीतर चेहरा काळा दिसतो. पासपोर्ट आधीच शोधून हाताशी ठेवा. मामी ऐन कॉलच्या वेळेला कपाटातल्या साड्यांखाली शोधत होत्या.

अजून एक, तुमची पेन्शन भारतातल्या राहण्याच्या हिशेबानं म्हणजे टू ट्रॅकमधून (ते काय ते खाली सांगतो) ठरलेली असेल तर अमेरिकेत पोरीकडं सहा महिने जायच्या आधी इथूनच दाखला काढून टाका. अ‍ॅपला तुम्ही कोणत्या देशात आहात ते कळतं.

टू ट्रॅक ऐकीव माहितीवर घेणं

हे थोडं किचकट आहे, थोडक्यात सांगतो. पेन्शन मुळात डॉलरमधे ठरते आणि अमेरिकेतल्या महागाईनुसार वाढते. टू ट्रॅक घेतला की दुसरा हिशेब तुम्ही राहता त्या देशाच्या चलनात ठेवतात, सुरुवातीचा आकडा ३६ महिन्यांच्या सरासरी विनिमय दरानं काढतात आणि मग तिथल्या महागाईनं वाढवतात. कुणीतरी पुण्यातला मित्र म्हणतो "मला फायदा झाला, तू पण घे" आणि माणूस घेऊन टाकतो. त्याची रिटायरमेंटची तारीख वेगळी, रुपयाचा दर वेगळा, आकडे वेगळे. एकदा घेतलं की वाटलं म्हणून परत फिरता येत नाही. आधी फंडाकडून स्वतःचा अंदाजे हिशेब मागवा, हातात आकडे घ्या, मग ठरवा. आणि घेतला असेल तर राहण्याचा पुरावा लागतो हे लक्षात असू द्या.

बँक आणि पत्ता

आपल्याकडच्या जुन्या लोकांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमधे. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, कोड बदलले, तरी अजून काही जणांच्या डायरीत जुनाच आयएफएससी आहे आणि तोच ते फॉर्मवर लिहितात. बाहेरून येणाऱ्या पैशाला त्याहून महत्त्वाचा असतो तो स्विफ्ट कोड. आयएफएससी ११ अक्षरांचा, स्विफ्ट ८ किंवा ११ अक्षरांचा, त्यामुळं एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी चौकटीत मस्त बसतो आणि चूक दिसतच नाही. ओळखायची खूण सोपी, आयएफएससीत पाचवा कायम शून्य असतो. प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट नसतो, पैसा फॉरेनचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेतून फिरून येतो, म्हणून काउंटरवरच्या पोराला विचारून लिहू नका, शाखेकडून लेखी घ्या. खातं बदलायचं असेल तर जुनं लगेच बंद करू नका, नव्यात एक पेन्शन जमा झालेली दिसू द्या, मगच जुन्याला राम राम.

पत्त्याचं म्हणाल तर शहरांची नावं बदलल्यापासून हा नवा ताप आहे. आधारवर औरंगाबाद, पासपोर्टवर औरंगाबाद, नव्या लाईट बिलावर छत्रपती संभाजीनगर, आणि कुणाचा जन्म उस्मानाबादचा, आता धाराशिव. तिकडं बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी शहरं वाटणार, त्याची काय चूक. पत्ता कळवताना नवं नाव लिहा आणि पुढं पूर्वीचं औरंगाबाद असं पण टाका, पिनकोड तोच आहे तो ठळक लिहा. घर बदललं तर फंडाला कळवा, मोबाईल आणि ईमेल बदलला तरी कळवा. पोराच्या ऑफिसचा ईमेल देऊ नका, पोरगं नोकरी बदलतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बातम्या

"युनायटेड नेशन्सकडं पैसा नाही, पेन्शन बंद होणार" असला मेसेज मामांना महिन्यातून दोनदा येतो. पैशाची चणचण खरी आहे, देश वर्गणी वेळेवर भरत नाहीत, नोकरकपातीच्या बातम्या पण खऱ्या आहेत. पण पेन्शन फंडाचा पैसा वेगळा ठेवलेला असतो, त्यातून ऑफिसचे पगार नि लाईट बिल भरत नाहीत. फंडाकडं ९० अब्ज डॉलरच्या वर गंगाजळी आहे. त्यामुळं मेसेज आला की बीपीची गोळी शोधायच्या आधी फंडाची स्वतःची वेबसाइट बघा, नाहीतर फाफिक्स म्हणून रिटायर्ड लोकांच्या संघटनांची जागतिक फेडरेशन आहे, तिचं बघा.

याच भीतीवर भामटे जगतात. "तुमचा सीई रद्द झाला, या लिंकवर लॉगिन करा", "पेन्शन चालू ठेवायला फी भरा". सीईला फी नसते. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, फोनवर गोड इंग्रजी बोलला तरी नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

इन्कम टॅक्स

दोन टोकाच्या चुका. एक, "यूएनची पेन्शन टॅक्स फ्री असते" म्हणून रिटर्नमधे उल्लेखच नाही. दोन, सीएला माहीत नाही म्हणून सगळ्यावर टॅक्स भरून मोकळं. फेब्रुवारी १९८१ चं सीबीडीटीचं (इन्कम टॅक्सचं केंद्रीय मंडळ) २९३ नंबरचं सर्क्युलर युनायटेड नेशन्सच्या पेन्शनला सूट देणारं आहे, पण आयटीयू ही वेगळी विशेष संस्था आहे, त्यामुळं ते तुम्हाला कितपत लागू होतं हे कागद समोर ठेवून जाणकार सीएकडूनच लेखी घ्या. गल्लीतल्या फॉर्म भरणाऱ्याचं हे काम नाही.

आणि जिनिव्हातलं जुनं खातं! "त्यात काय, दोन चारशे फ्रँक पडलेत" म्हणतात लोक. तुम्ही इथले पक्के रहिवासी झालात की ते खातं रिटर्नमधे शेड्यूल एफए मधे, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, मग आयटीआर १ चालत नाही, २ भरावा लागतो. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख आहे. ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून एकूण २० लाखांच्या आतल्या मालमत्तेला तो दंड नाही, पण दाखवायचं तर आहेच. नको असेल तर सरळ बंद करून टाका.

मामींच्या नावाचं काय

हा विषय घरात कुणी काढत नाही, अशुभ वाटतं. पण साधारणपणे नवऱ्याच्या मागं बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, लग्न नोकरी सुटायच्या आधी झालेलं असेल तर. रिटायरमेंटनंतरच्या लग्नाचे नियम वेगळे. "मी मामीला पासवर्ड देऊन ठेवलाय, ती बघून घेईल" हे मामांचं उत्तर होतं. ते चुकीचं आहे. माणूस गेला की त्याचं खातं वापरायचं नाही, फंडाला लगेच कळवायचं, जास्तीचे महिने उचलले तर ते परत द्यावे लागतात आणि मामींची स्वतःची पेन्शन मात्र अडकून बसते.

खरी गोची कागदांची. जुन्या लग्नांची नोंदणी केलेली नसते, लग्न सेलूला लागलं, पुरावा काय तर पत्रिका आणि काळेपांढरे फोटो. पत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर स्पेलिंग तिसरंच. हे सगळं माणूस असतानाच जुळवून घ्या. विवाह नोंदणी आता पण होते, दोघं सोबत आहेत तोवर जाऊन या. आम्ही मागच्या दिवाळीनंतर गेलो, मामा पंचाहत्तरीचे, मामी सत्तरीच्या, रांगेत पुढं मागं सगळी नवी लग्न झालेली पोरं. क्लार्कनं विचारलं, "साक्षीदार?" मामांनी माझ्याकडं बोट केलं. मी म्हणलं, मामा, तुमच्या लग्नात मी जन्मलोच नव्हतो. मग सेलूहून मामींच्या थोरल्या भावाला बोलवून घेतलं. सर्टिफिकेट, बँकेचा स्विफ्ट लिहिलेला कागद, फंडाचा नंबर आणि पेन्शनची शेवटची स्लिप, सगळं एका निळ्या फाइलीत घातलंय आणि ती फाइल आता मामींच्या कपाटात असते.