रेडिएशन लागू पडावं म्हणून घरच्यांनी काय काय बघायचं

आमच्या मामांना घशाचा कॅन्सर निघाला, ३५ फेऱ्या रेडिएशन, सात आठवडे, निपाणीहून बेळगाव रोजचं येणं-जाणं आणि सोबत मी. तंबाखू, विडी, गुटखा, बायकांची मिश्री, आपल्या भागात ह्यातलं काहीतरी घरात असतंच, म्हणून कळलं तेवढं लिहितोय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, लागू पडंल का? डॉक्टर अंदाज बांधतात तो गाठ कुठं आहे, केवढी आहे, मानेत उतरलीय का ह्यावरनं. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असेल तर बायोप्सीच्या तुकड्यावर पी-१६ (एचपीव्ही विषाणूमुळं झालेल्या कॅन्सरची खूण असलेलं प्रथिन) तपासलंय का विचारा, पॉझिटिव्ह आलं तर रेडिएशनला गाठ बहुतेक वेळा चांगली दाद देते. निगेटिव्ह आलं म्हणून हातपाय गाळू नका, त्यातले बरे होणारेही आहेत. मग रक्त. किरणांनी पेशीची जी मोडतोड होते ती पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजन न पोचणाऱ्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलं तर आधीच दाखवा, पण रक्तवाढीची इंजेक्शनं किंवा व्हिटॅमिनच्या जादा गोळ्या मनानं आणू नका, काही अभ्यासांत त्यानं उलटाच परिणाम दिसलाय.

विडी मात्र पहिल्या दिवशी बंद. कॅनडातला १९९३ चा अभ्यास आहे, रेडिएशन चालू असताना ओढत राहिलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांची गाठ पूर्ण गेली, न ओढणाऱ्यांत ७४ टक्के. मामांनी चाळीस वर्षांची विडी सोडली ते हे आकडे ऐकून, आमच्या सांगण्यानं नव्हे. मिश्रीही बंद, आजीला "ती काय तंबाखू हाय व्हय" वाटत असलं तरी ती भाजलेली तंबाखूच आहे.

सुरू व्हायच्या आधी दात दाखवा. काढायचे असले तर तेव्हाच काढून जखम दोनेक आठवडे भरू द्या, नंतर रेडिएशन बसलेल्या जबड्यातला दात काढला तर हाड सडायची भीती असते. आयुष्मान कार्डाची मंजुरीही मास्क (किरण देताना डोकं-मान हलू नये म्हणून तोंडावर बसवतात ती मापाची जाळी) बनवायच्या आधीच मिळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिवस चुकवू नका. चौथ्या आठवड्याच्या आसपास उरलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात, त्यामुळं घशा-तोंडाच्या कॅन्सरला एक दिवस लांबला की गाठ ताब्यात यायची शक्यता साधारण १ टक्क्यानं घटते असं धरतात. आमच्या वेळी सणाची सुट्टी आणि मशीन बंद मिळून तीन दिवस गेले, आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही, आम्ही आपले एसटीनं जाऊन परत आलो. मग मी थेट विचारलं, भरपाई कशी करणार? तर शनिवारी एक फेरी आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, मध्ये कमीत कमी सहा तास सोडून. विचारलं म्हणून झालं, तुम्हीही विचारा. यात्रा, ऊसतोड, लग्न काही असू दे, पेशंटला गाडीत बसवायचं.

खाणं आणि वजन हे घरच्यांच्या हातातलं काम. तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलवटतो, थुंकी चिकट होते, भाकरी बघून डोळ्यात पाणी येतं. मामांना नाचणीची आंबील ताक घालून पातळ, मऊ भात-तूप, अंडं उकडून कुस्करून, असं दोन-दोन तासांनी थोडं थोडं. तिखट बंद. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा-अर्धा चमचा मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातनं पाच-सहा वेळा गुळण्या. दर सोमवारी वजन वहीत लिहा. पाचव्या आठवड्यात मामांचं वजन सहा किलोनं उतरलं आणि ती जाळीदार मास्क, जी सुरुवातीला गालावर चौकोनी वळ उठवायची, तिच्यात माझं बोट सहज जायला लागलं. मास्क ढिला म्हणजे मान हलते, नेम चुकतो. टेक्निशियनला दाखवलं तर पुन्हा स्कॅन करून प्लॅन बदलला. गिळता येईना तर नाकातनं नळी घालायला लाजू नका, उपास पडण्यापेक्षा ती बरी.

सोबत सिस्प्लॅटिनची केमो असेल तर किडनीचं रक्त तपासतात, कानात गुंई आवाज आला तर लगेच सांगा. ती केमो किरणांचा जोर वाढवायला असते, अंगाला सोसत असताना "नको तेवढी" म्हणून सोडू नका.

संपल्यावर लगेच स्कॅनची घाई करू नका, सूज असते, गाठ नंतरही आठवडेच्या आठवडे विरत राहते. पेट स्कॅन (कॅन्सर कुठं उरलाय का ते दाखवणारा स्कॅन) साधारण १२ आठवड्यांनी करतात, तोवर दर महिन्याला मान डॉक्टरांच्या हाताला लागू दे.