या चुका टाळा : पोरांना एकाच खेळाच्या दावणीला बांधू नका

"आमच्या सरांनी सांगितलंय, दुसरं काही खेळायचं नाही." दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की हे वाक्य माझ्या कानावर पडतं, आणि सांगणारं पोर असतं पाचवी-सहावीतलं. खो-खोच्या संघासाठी नावं लिहून घेताना, कबड्डीची चाचणी घेताना चपळ पोरं बाजूला उभी राहतात, कारण क्रिकेटच्या, स्केटिंगच्या नाहीतर बॅडमिंटनच्या कोचनी त्यांना तशी ताकीद दिलेली असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडे हेच. शारीरिक शिक्षण शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्या इथे लिहिते आहे. पालकांनी वाचाव्यातच, पण कोचनी जरा जास्त लक्ष देऊन वाचाव्यात.

बारा महिने एकच खेळ

माझ्या वर्गात एक मुलगा होता. उजव्या हाताने वेगात बोलिंग टाकायचा, आणि खो-खोत हूल देऊन असा निसटायचा की बाकीचे वर्ग खिडकीशी येऊन बघायचे. वडिलांनी त्याला शहरातल्या एका अकादमीत घातलं. तिथे पहिल्याच महिन्यात सांगण्यात आलं, "खो-खो बंद. बोलर व्हायचं तर रोज बोलिंग." पोराने ऐकलं. हिवाळ्यात मैदानावर, एप्रिल-मेमध्ये शिबिरात, आणि आपल्याकडे पाऊस लागला की हटत नाही म्हणून त्या दिवसांत छपराखालच्या नेटमध्ये, सिमेंटवर. रविवारी मॅच. सुट्टी अशी नाहीच.

सातवीत असताना तो मधल्या सुट्टीत बाकावर वाकून बसायला लागला. विचारलं तर म्हणाला, "टीचर, कंबर दुखालीय. डाव्या बाजूला." घरी तेल चोळणं आणि शेक चालू होता. अकादमीत स्प्रे मारून पुन्हा बोलिंग. मी त्याला एका पायावर उभं राहून हळूच मागे वाकायला सांगितलं, तसा तो कळवळला. उजव्या हाताच्या बोलरची डावी कंबर दुखत असेल आणि मागे वाकताना कळ येत असेल, तर ते दुखणं तेलाने जाणारं नसतं. या वयात मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. चेंडू टाकताना अंग मागे ताणलं जातं आणि त्याच वेळी पिळलंही जातं. हजारो चेंडूंचा ताण एकाच जागी बसत गेला की तिथे बारीक चीर पडते.

आईला गाठून त्याला हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे स्वच्छ आला. घरचे निर्धास्त झाले, अकादमीने लगेच बोलावून घेतलं. पण ही चीर साध्या एक्स-रेत सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून मी पिच्छा सोडला नाही. शेवटी एमआरआय झाला आणि चीर सापडली. पुढचा अख्खा हंगाम बोलिंग बंद. ज्या निवड चाचणीसाठी त्याचा खो-खो तोडला होता, ती चाचणी त्याने मैदानाबाहेर बसून पाहिली. वेळेत कळलं म्हणून हाड भरून आलं, एवढंच समाधान.

हे क्रिकेटपुरतं नाही. सतत उड्या आणि धाव असलेल्या कुठल्याही खेळात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो किंवा टाच मागून दुखते. दोन्ही जागी स्नायूचा दोर हाडाच्या वाढत्या भागाला ओढत असतो, आणि पोरगं झपाट्याने उंच होत असतं तेव्हा ही ओढ सगळ्यात जास्त असते. खेळ बदलला की ताणाची जागा बदलते. एकच खेळ बारा महिने चालला की जागा तीच राहते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये या विषयावर अहवाल काढला. बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेणं लांबवा, आपल्या मुख्य खेळापासून वर्षात एकूण ३ महिने सुट्टी घ्या, ती एकेक महिन्याने घेतली तरी चालेल, आणि आठवड्यात किमान एक-दोन दिवस विश्रांती ठेवा, असं त्यात सांगितलं आहे. आणखी एक साधा हिशेब डॉक्टर सांगतात : आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका. बारा वर्षांचं पोर असेल तर बारा तासांच्या आत. जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगसारख्या खेळांत सुरुवात लवकर करावी लागते, हे खरं. पण आपल्याकडच्या अकादम्यांत क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन शिकवतात. त्यांनी जिम्नॅस्टिक्सचं उदाहरण देऊन पोरांना अडवू नये.

"लवकर धरलं नाही तर मागे पडेल" हे कोचांचं ठरलेलं उत्तर असतं. पी. आर. श्रीजेश तिरुअनंतपुरमच्या क्रीडा शाळेत गेला तो धावपटू म्हणून. लांब उडी, व्हॉलीबॉल असं करत तो हॉकीच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिला, आणि टोकियो व पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकांत कांस्यपदक घेऊन आला. इतक्या लांबही जायला नको. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव मूळची ज्युदोची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं ते कुराशमध्ये, म्हणजे ज्युदोसारख्याच मध्य आशियाई कुस्तीत. ज्युदोत घटवलेल्या फेका तिथे कामी आल्या. आणि ज्या मल्लखांबाला आज आपण स्वतंत्र खेळ मानतो, तो पैलवानांना पूरक व्यायाम म्हणूनच वाढला. जुन्या तालमीतला वस्ताद पोराला दंड-बैठका, दोर, मल्लखांब, धाव सगळं करायला लावायचा, मग मातीत उतरवायचा. बाराही महिने एकच एक गोष्ट करायला लावणं ही आपली रीत नव्हेच.

माझी स्वतःची सवय सांगते. मी वर्षाची वाटणी पावसाप्रमाणे करते. जून-जुलैत दोरीच्या उड्या, मल्लखांब, लाल मातीतली कबड्डी. शालेय स्पर्धा असतात तेव्हा ज्याचा जो खेळ तो. दिवाळीनंतर क्रिकेट आणि धावणं. मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा फक्त मोकळं खेळणं, शिट्टीसुद्धा वाजवत नाही. हे कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, पण माझी पोरं दहावीपर्यंत मैदानावर टिकतात.

दोन खेळ म्हणजे दुप्पट सराव नव्हे

वरचं वाचून काही पालक लगेच पोरीला दोन क्लास लावतील, म्हणून ही दुसरी चूक सांगायलाच हवी.

आठवीतली एक मुलगी. पहाटे कॅम्पातल्या रस्त्यावर १५०० मीटरचा सराव, संध्याकाळी कबड्डी. दोन कोच, दोघांनाही ती हवी, आणि दोघांनी एकमेकांना कधी फोन केलेला नाही. धावण्याच्या सरांना वाटायचं संध्याकाळी ही मोकळी असते. कबड्डीच्या मॅडमना वाटायचं पहाटे ही झोपलेली असते. त्यात जुलै म्हणजे रोप लावायचे दिवस, ती रविवारी आईबरोबर चिखलात कंबर मोडून काम करायची. ते कुणीच मोजत नव्हतं. शाळेला सायकलवरून येणं-जाणं, तेही नाही. नडगी दुखायला लागली तेव्हा दोघांनीही सांगितलं की दुसऱ्याचा सराव कमी कर.

तिच्या आईशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. मुलीची सुरू झालेली पाळी काही महिन्यांपासून बंद होती, आणि घरात सगळे "खेळणाऱ्या पोरींचं असं होतंच" म्हणून गप्प होते. तसं होत नसतं. अंगाला लागणारं खाणं आणि अंगातून जाणारे कष्ट यांचा मेळ तुटला की शरीर आधी पाळी थांबवतं, आणि मग हाडं कमजोर होतात. अशी पाळी थांबली तर आधी डॉक्टर, मग मैदान. पुरुष कोचांना हे विचारायला अवघड वाटतं, हे मी समजू शकते. मग त्यांनी आईला विचारावं, शाळेतल्या बाईंना विचारायला सांगावं, पण विचारणं टाळू नये.

उपाय अगदी साधा आहे. मी त्या दोघांना एका संध्याकाळी शाळेत चहाला बोलावलं आणि मुलीच्या वहीत आठवडा लिहून समोर ठेवला : सराव, शेत, सायकल, झोप, सगळं. वाद घालावाच लागला नाही. तेव्हापासून दोन खेळ खेळणाऱ्या प्रत्येक पोराची अशी एक शंभर पानी वही मी ठेवायला लावते. मोबाइलमधल्या ॲपवर माझा भरवसा नाही, कारण ते आईला दिसत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दुखतंय म्हटल्यावर स्प्रे मारून खेळवणं. बंद करा.

चौदा वर्षांखालच्या पदकांवरून पोराचं भविष्य ठरवणं. त्या वयात बहुतेक वेळा जिंकतं ते लवकर वाढलेलं शरीर. नववीत बाकीचे उंचीने गाठतात आणि कालचा चॅम्पियन खेळ सोडतो.

जन्मतारखेत फेरफार. यावर मी एका शब्दाचीही चर्चा करत नाही, तो दाखला परत करते.

सीईटीच्या स्पोर्ट्स कोट्यासाठी पाचवीतच खेळ पक्का करणं. पोराला अजून दुधाचे दात पडतायत, आणि बाप इंजिनिअरिंगची सीट बघतोय. घाई नको.

युट्यूबवर पाहून बारा वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांचे वजनाचे व्यायाम करून घेणं. स्वतःच्या अंगाचं वजन नीट उचलता येतं का ते आधी पाहा.

मग खेळ निवडायचा कधी?

मी नववी-दहावीपर्यंत थांबते, आणि निवड पोराला करू देते. सरकारी क्रीडा वसतिगृहात निवड झाली तर खेळ आधीच ठरतो, त्याला इलाज नाही. गरीब घरच्या पोरांसाठी ती मोठी संधी आहे, सोडू नये. पण तिथेही मोकळ्या वेळेत व्हॉलीबॉल खेळायला मिळतो का, हे वॉर्डनला विचारून घ्या.

खाजगी अकादमीत घालताना मात्र पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा. वर्षातले कोणते महिने सुट्टी? आणि शाळेच्या खो-खो संघात निवड झाली तर पाठवणार का? उत्तर देताना कोच चिडला, तर तिथून उठा. आणि वर्षभराची फी एकदम भरू नका, सवलत देत असले तरी. पैसे आधीच भरलेले असले की पोराची कंबर दुखत असतानाही घरातूनच "जा, फुकट जातील" असं सांगितलं जातं. तीन-तीन महिन्यांची भरा.