हुकमाचा एक्का नसताना बाद फेरी कशी खेळावी

साखळी सामने कसेही निघून जातात. बाद फेरी आली की धंतोली असो वा शिवाजीनगर, नागपुरातल्या कोणत्याही बास्केटबॉल कोर्टच्या बेंचवर एकच प्रश्न फिरतो: आपला मेन पोट्टा खेळतोय की नाही? कधी घोटा मुरगळलेला असतो, कधी नेमका त्याच दिवशी पेपर असतो, कधी दुसऱ्या क्वार्टरमध्येच त्याचे तीन फाउल झालेले असतात. मग ‘त्याच्याविना संपलं’ म्हणणारे आणि ‘कोणावाचून काही अडत नाही’ म्हणणारे असे दोन पक्ष पडतात. दोघंही अंदाजाने बोलत असतात. हे मोजता येतं. मागच्या चार-पाच सामन्यांच्या नोंदी, पेन्सिल आणि शांत डोक्याचा एक बदली खेळाडू एवढं सामान पुरतं.

खड्डा नेमका किती खोल

‘तो वीस पॉइंट काढतो, तो नसला की वीस पॉइंट गेले’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. ते वीस पॉइंट काढायला तो बॉल वापरतो, आणि तो नसला की तेच बॉल इतरांच्या हातात येतात. बॉल ताब्यात आल्यापासून शॉट, टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) किंवा फ्री थ्रोने (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटने) ती खेळी संपेपर्यंतचं एक पझेशन धरा. एका खेळाडूने किती पझेशन संपवली ते असं काढतात: त्याचे एकूण शॉट, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंच्या संख्येची 0.44 पट. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात आणि काही बास्केटसोबत एकेकटे येतात, म्हणून पूर्ण संख्या धरत नाहीत.

उदाहरण घ्या. संघाने 70 पझेशनमध्ये 60 पॉइंट केले. एक्क्याचे 14 शॉट, 3 टर्नओव्हर, 6 फ्री थ्रो, म्हणजे जवळपास 20 पझेशन, आणि त्यात 20 पॉइंट. बाकीच्यांनी 50 पझेशनमध्ये 40, म्हणजे दर पझेशनला 0.8. तो नसताना सगळी 70 पझेशन याच दराने खेळली तर 56 पॉइंट होतात. अर्थात दर तोच राहत नाही, कारण अवघड शॉट आता दुसऱ्यांना घ्यावे लागतात आणि त्यांच्यावर पहारा वाढतो. दर 0.75 वर आला तर 52-53. म्हणजे खड्डा वीसचा नाही, सात-आठचा आहे.

सात-आठ पॉइंट भरून काढता येतात, पण एकाच जागेवरून नाही. चार टर्नओव्हर कमी केले की तीन पॉइंट. प्रतिस्पर्ध्याला मिळणारे तीन आक्रमक रिबाउंड (त्यांचाच चुकलेला शॉट परत त्यांच्याच हाती येणं) रोखले की साधारण आणखी तीन. फ्री थ्रो 16 मिळत असतील आणि निम्मेच पडत असतील, तर ते 65 टक्क्यांवर नेले की दोन पॉइंट. यातल्या एकाही गोष्टीला उंची किंवा उडी लागत नाही.

हा हिशेब एका ठिकाणी फसतो. एक्का नुसता शूटर नसून बॉल वर आणणाराही तोच असेल, तर नुकसान स्कोअरच्या रकान्यात दिसतच नाही. म्हणून दोन सामन्यांचा व्हिडिओ बघून पाच कामांसमोर खुणा करा: प्रेसमध्ये (समोरचे कोर्टभर अंगावर येतात तेव्हा) बॉल कोण घेतो, खेळी कोण सुरू करतो, त्यांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला कोण धरतो, बचावातले रिबाउंड कोणाच्या हाती येतात, आणि बचावात ओरडून सांगतो कोण. शेवटचं काम कोणीच लिहून ठेवत नाही. पण स्क्रीन (आपल्या डिफेंडरची वाट अडवायला उभा राहिलेला समोरचा खेळाडू) आली हे सांगणारा आवाज गेला की पहिल्या पाच मिनिटांतच सोपे लेअप (बास्केटजवळून टाकलेले शॉट) बसू लागतात. एक्क्याच्या नावावर एक-दोन कामं असतील तर निभावेल. चार-पाच असतील, तर तुमचा संघ अजून संघ झालेला नाही आणि ती दुरुस्ती सामन्याच्या आदल्या रात्री होणार नाही.

प्लस-मायनसही काढा, म्हणजे तो आत असताना आणि बाहेर असताना संघ किती पुढे-मागे गेला. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. तो बाहेर बसतो तेव्हा बऱ्याचदा समोरचेही बदली खेळाडूच आत असतात.

समोरचा सगळ्यात आधी काय करेल

फुल कोर्ट प्रेस. तुमचा हँडलर (बॉल वर आणणारा) नाही हे कळलं की कुठलाही जागा कोच पहिल्या बास्केटनंतर लगेच प्रेस लावतो. तुमच्याकडे बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला 8 सेकंद असतात आणि घाबरलेल्या हाताला ते दोन वाटतात.

थ्रो-इन करणाऱ्याला (रेषेबाहेरून बॉल आत देणाऱ्याला) बोर्डच्या बरोबर मागे उभं राहू देऊ नका. लांब पास बोर्डच्या मागच्या बाजूला आपटतो. तो बोर्डच्या एका कडेला असावा. पहिला पास कोपऱ्यात घेऊ नका, कारण तिथे दोन रेषा आणि दोन डिफेंडर मिळून पिंजरा तयार होतो. पास साधारण फ्री थ्रो रेषेइतका पुढे, कडेपासून दोन पावलं आत घ्यावा आणि घेताच समोर तोंड करावं. एकजण मध्यवर्तुळाजवळ तोंड बॉलकडे करून उभा. थ्रो-इन करणारा लगेच आत येऊन बॉलच्या थोडा मागे, सुटकेचा पास घ्यायला. एकजण दुसऱ्या कडेला, एकजण थेट समोरच्या बास्केटखाली.

नियम एकच ठेवा: दुसरा डिफेंडर पोचण्याआधी पास सुटला पाहिजे. ट्रॅप (दोघांनी मिळून घेरणं) बसल्यावर ड्रिबल करून निघायचं काम तुमच्या एक्क्याचं होतं. बाकीच्यांनी ते करून बघू नये. पास मधल्या माणसाकडे गेला की समोर तीनास दोन असं चित्र मिळतं. तिथे थांबू नका, थेट बास्केटकडे जा. प्रेसवर दोन सोपे बास्केट बसले की बहुतेक कोच प्रेस काढतात.

सराव: एक्क्याला विरुद्ध संघात टाका

तो तंदुरुस्त असतानाच, निदान तीन आठवडे आधीपासून, आठवड्यातून दोनदा हे करा. एक्का आणि चार बदली खेळाडू एका बाजूला, उरलेले चार मुख्य आणि सहावा गडी दुसऱ्या बाजूला. 10 मिनिटांचे दोन डाव. चौघांना त्याच्याविना खेळायची सवय होते आणि त्याला धरायचं कसं हेही कळतं. शिवाय बदली पोरांना तो आत असताना आपली जागा कुठली ते समजतं. यात चूक एकच होते: कोच एक्क्याला पिवळं जॅकेट देऊन दोन्ही बाजूंनी खेळवतो. त्याने काहीच साध्य होत नाही.

त्यानंतर 6 मिनिटं ड्रिबलबंदीचा खेळ घ्या. फक्त पास, कट आणि स्क्रीन. पहिल्या दिवशी रटाळ वाटतो, पोट्टे कुरकुर करतात. आठव्या-नवव्या वेळेला बॉलशिवाय हलणं अंगात भिनतं.

त्याचे शॉट वाटून देताना एकालाच सगळे देऊ नका. ‘आता तू त्याच्या जागी’ असं सांगितलेला पोट्टा हमखास पहिल्या क्वार्टरमध्ये सात वाईट शॉट मारतो. वरच्या उदाहरणातल्या वीस पझेशनपैकी सात-आठ दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला, चार-पाच पोस्टमधल्या (बास्केटजवळच्या) उंच पोराला आणि उरलेली कोपऱ्यातल्या दोघांना, तीही जिथून त्यांचा शॉट बसतो त्याच जागेवरून. कोणाची जागा कुठली हे सरावात मोजून ठरवा: पाच जागांवरून प्रत्येकी 20 शॉट, दोन वेगवेगळ्या दिवशी.

फ्री थ्रोचा सराव शेवटी, दमलेल्या पायांनी. दोन फ्री थ्रो, मग कोर्टच्या दोन फेऱ्या, परत दोन, असं दहा वेळा. ताज्या पायांनी मारलेले पन्नास फ्री थ्रो चौथ्या क्वार्टरबद्दल काहीच सांगत नाहीत.

वेग कमी करा, पण किती

कमजोर संघाला कमी पझेशनचा सामना सोयीचा. 70 ऐवजी 62 पझेशन झाली तर समोरच्याला आपला वरचष्मा दाखवायला संधीही कमी मिळतात. बॉल पटकन अर्धी रेषा ओलांडून आणा, कारण तिथे रेंगाळलात तर प्रेस बोकांडी बसते. मग दोन-तीन पास फिरवा आणि खरी खेळी शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या घड्याळावर) 14 सेकंद उरले की सुरू करा. आठ उरल्यावर सुरू केली तर पहिला पर्याय बंद होताच हातात काही राहत नाही आणि 24 सेकंदांचा भंग होतो. मैदानावर क्लॉक नीट दिसत नसेल तर बेंचवरच्या एकाला ‘चौदा’ आणि ‘सात’ असं ओरडायचं काम द्या. फास्ट ब्रेक मिळाला तर मात्र सोडू नका. वेग कमी करणं म्हणजे सोपा लेअप नाकारणं नव्हे.

एनबीएतून काय घ्यावं, काय घेऊ नये

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या 1980 च्या फायनलमध्ये लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे सहाव्या सामन्याला नव्हता. पहिल्याच मोसमातला मॅजिक जॉन्सन, मुळात गार्ड (बॉल वर आणणारा), सेंटरच्या (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या) जागी उभा राहिला आणि त्याने 42 पॉइंट, 15 रिबाउंड, 7 असिस्ट केले. लेकर्स 123-107 ने जिंकून विजेते झाले. गोष्ट सांगताना जमाल विल्क्सचे 37 पॉइंट सगळे विसरतात. कोचने मात्र लक्षात ठेवायचे ते हेच.

याउलट 2025 मध्ये बोस्टन सेल्टिक्सचा जेसन टेटम निक्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात जायबंदी झाला. पाचवा सामना बोस्टनने त्याच्याविना 127-102 असा जिंकला आणि सहावा 119-81 असा गमावला. एक्क्याविना संघ एक सामना चकवू शकतो. तोच संघ तोच डाव घेऊन दुसऱ्यांदा आला की उघडा पडतो. एनबीएत सातपैकी चार जिंकावे लागतात. आपल्याकडच्या बाद फेरीत एकच सामना असतो. समोरच्याने सगळी तयारी तुमच्या एक्क्यासाठी केलेली असते, बॉक्स-अँड-वन (चौघे जागा राखतात, एकजण फक्त त्याच्याच मागे) सुद्धा त्याच्याच नावाने. तो नसला की त्यांची निम्मी तयारी वाया जाते. म्हणून नवी खेळी साखळीत दाखवू नका. दोन नव्या खेळ्या बाद फेरीसाठी झाकून ठेवा. दोनच, पाच शिकवल्या तर गोंधळ तुमच्याच पोरांचा होतो.

अर्धवट बरा असेल तर

परवानगी डॉक्टर किंवा फिजिओने द्यायची, कप्तानाने किंवा एक्क्याच्या वडिलांनी नाही. घोट्यासाठी मैदानावरची प्राथमिक चाचणी अशी: दुखऱ्या पायावर सलग दहा उड्या, मग सरळ धाव आणि झटक्यात थांबणं, मग दोन्ही बाजूंना तिरके कट. यात कुठेही लंगडला, किंवा दुखरा पाय टेकवताना चेहरा बदलला, तर विषय संपला. गोळी घेऊन दिलेली चाचणी धरू नका. वेदना दबते, लिगामेंट तसंच असतं. 2019 च्या फायनलमध्ये केविन ड्युरांट पोटरीच्या दुखापतीनंतर पाचव्या सामन्यात परतला आणि त्याच सामन्यात त्याचा अकिलीस टेंडन तुटला.

चाचणीत पास झाला तर चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत खेळवा आणि हाफटाइमला खुर्चीत बसू देऊ नका. थंड झालेला सांधा आखडतो. पहिल्या पाचात घ्यावा की बेंचवरून आणावा? आमच्या मते वॉर्मअपची ऊब असते तेव्हा सुरुवातीलाच घ्यावा. बारा मिनिटं बेंचवर गार होऊन उठलेला घोटा दगा देतो. मे महिन्यातल्या स्पर्धेत हा प्रश्न वेगळा असतो. नागपूरचा पारा 45 च्या आसपास असताना संध्याकाळीही सिमेंटचं कोर्ट तापलेलं असतं, सांधे आखडत नाहीत पण पायात गोळे येतात. अशा वेळी सगळ्यांचेच तुकडे लहान ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता प्रत्येक टाइमआउटला ओआरएस द्या.

तो आहे, पण फाउलमध्ये अडकलाय

गैरहजेरीचा सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच. पाचव्या फाउलला तो कायमचा बाहेर. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले तर बाहेर घ्या, पण अख्खा दुसरा क्वार्टर बसवून ठेवू नका. फाउल वाचवून घरी न्यायचे नसतात. तिसरा झाल्यावर 2-3 झोन (दोघे वर, तिघे बास्केटखाली, प्रत्येकाने माणूस नाही तर जागा राखायची) लावून त्याला वरच्या दोघांत उभा करा. खालच्या ओळीतला मधला माणूसच सगळ्यात जास्त फाउल गोळा करतो, तिथे त्याला कधीही ठेवू नका. चौथ्यानंतर तो चौथ्या क्वार्टरची साधारण पाच मिनिटं उरल्यावर आत येईल असं धरा, आणि अंतर दहाच्या वर जाऊ लागलं तर आधीच आणा.

सामन्याच्या दिवशी

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार बारा जणांची यादी सामन्याच्या 40 मिनिटं आधी द्यायची असते आणि पहिले पाच 10 मिनिटं आधी सांगायचे असतात. एक्क्याचं खेळणं अनिश्चित असेल तरी नाव यादीत घाला. यादीत नाव नसलेला नंतर आत येऊ शकत नाही. पहिले पाच शेवटच्या क्षणापर्यंत उघड करू नका.

पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन टाइमआउट मिळतात. दुसऱ्या हाफमधल्या तिन्हींपैकी शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. त्यामुळे तिसरा राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. पहिला टाइमआउट प्रेस लागताच घ्या, दोन टर्नओव्हर होण्याची वाट बघू नका. शेवटच्या मिनिटात पुढे असाल तर बॉल ज्याच्या हातात राहणार त्याचे फ्री थ्रो सगळ्यात चांगले असले पाहिजेत, कारण फाउल त्याच्यावरच होणार. त्याचं नाव आदल्या संध्याकाळी ठरवून त्याला सांगून ठेवा, आणि तो शेवटच्या क्वार्टरमध्ये चार फाउलवर बसलेला नसेल एवढं बघा.