प्लेटमध्ये हृदयपेशी घडवताना: विंट आधी चालू, मग बंद

मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे फिरवून केलेल्या, कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींपासून) धडधडणाऱ्या हृदयपेशी करायच्या असतील, तर रसायनांची यादी पाठ करण्याआधी गर्भात काय घडतं ते नीट समजून घ्यावं. कृतीतला जवळपास प्रत्येक दिवस तिथूनच आलेला आहे.

गर्भात तिसऱ्या आठवड्यात मध्यस्तराच्या (गर्भाच्या तीन मूळ थरांपैकी मधल्या थराच्या) पेशी तयार होतात, त्या विंट, नोडल आणि बीएमपी या प्रथिनांच्या संकेतांमुळे. इथे विंट हवाच. पण त्याच पेशी पुढच्या बाजूला सरकल्या की त्यांना हृदयाकडे वळण्यासाठी विंटपासून सुटका लागते. शेजारच्या अंतःस्तराकडून (आतल्या थराकडून) विंटला अडवणारी प्रथिनं येतात, सोबत बीएमपी मिळतो, आणि मग हृदयाची जनुकं जागी होतात. २००१ साली कोंबडी आणि बेडूक यांच्या गर्भांवरच्या प्रयोगांनी हे दाखवलं: विंट अडवला की एरवी हृदय न बनवणारा मध्यस्तरही हृदयाकडे वळतो. माणसाच्या गर्भात साधारण २२व्या दिवशी ठोके सुरू होतात.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शॉन पॅलेचेक यांच्या गटाने २०१२ साली हाच क्रम दोन लहान रेणूंवर बसवला. सीएचआयआर-९९०२१ हा जीएसके-३ विकराला रोखतो, त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे विंटचा निरोप पोचवणारं प्रथिन नष्ट होत नाही आणि पेशीला वाटतं विंट आला. तीन दिवसांनी आयडब्ल्यूपी-२ द्यायचा. तो पॉर्क्युपाइन विकर रोखतो, म्हणजे पेशींना विंट बाहेर सोडताच येत नाही. खाली दिलेली कृती याच पद्धतीची, १२ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटसाठी आहे. काम सुरू करण्याआधी संस्थेच्या स्टेम सेल समितीची परवानगी हातात असू द्या.

साहित्यातली एकच गोष्ट विशेष सांगण्यासारखी: बी-२७ हे पेशींसाठीचं पूरक मिश्रण दोन प्रकारचं लागतं, इन्सुलिनसह आणि इन्सुलिनशिवाय. दोन्ही ५०-पट तीव्र असतात, म्हणून ५०० मिली आरपीएमआय-१६४० या पोषक द्रवात (मीडियात) १० मिली मिसळायचं. पहिले सात दिवस इन्सुलिनशिवायचंच वापरा. या काळात इन्सुलिन मिळालं की पेशी मध्यस्तर आणि हृदयाची वाट सोडतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, तेव्हा मिसळताक्षणी झाकणावर ठळक खूण करा. सगळं बरोबर करूनही एकही ठोका दिसला नाही, तर पहिला संशय या बाटलीवरच घ्यावा.

आता पेरणी. पेशी मॅट्रिजेलच्या (पेशी चिकटण्यासाठीच्या प्रथिनांच्या) लेपावर, एमटीइएसआर या मूलपेशींच्या मीडियात वाढवलेल्या, ७०-८० टक्के भरलेल्या आणि कडा स्वच्छ असलेल्या हव्यात. मधूनच पसरट, पांगलेल्या पेशी दिसत असतील तर ती बॅच घेऊ नका, आधीच बिघडलेल्या पेशींना पुढे कुठलाही संकेत सावरत नाही. मायकोप्लाझ्माची (पेशींना छुपा संसर्ग करणाऱ्या जिवाणूंची) चाचणी आणि गुणसूत्रांची तपासणी वेळच्या वेळी करून ठेवा. अक्युटेज या विकरांच्या द्रावणाने ३७ अंशांवर ५ मिनिटांत पेशी सुट्या करा, मोजा आणि वाय-२७६३२ हा सुट्या पेशींना जगवणारा रेणू (१० मायक्रोमोलर) घातलेल्या मीडियात पेरा. दुसऱ्या दिवसापासून साधा मीडिया, रोज बदलून. पेरणी शुक्रवारी केली तर सोमवार हा शून्य दिवस, म्हणजे सीएचआयआर देण्याचा दिवस, येतो आणि पुढची कामं मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि पुन्हा सोमवार अशी पडतात.

किती पेशी पेरायच्या आणि सीएचआयआर किती द्यायचा, याचं एकच उत्तर नाही. प्रत्येक पेशीवाणाचं (एकाच मूळ पेशीपासून वाढवलेल्या पेशींच्या वंशाचं) वेगळं असतं. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा उचलणं, ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. म्हणून पहिली प्लेट फक्त हे शोधायला खर्च करा. १२ वेलच्या प्लेटला तीन ओळी आणि चार रकाने असतात: ओळींत प्रत्येक वेलला अनुक्रमे ३, ५ आणि ८ लाख पेशी, रकान्यांत ६, ८, १० आणि १२ मायक्रोमोलर सीएचआयआर. सीएचआयआरचा साठा (डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ठेवलेलं तीव्र द्रावण) १० मिलिमोलर असेल तर एका रकान्याच्या तीन वेलसाठी ६.५ मिली मीडियात अनुक्रमे ३.९, ५.२, ६.५ आणि ७.८ मायक्रोलिटर मिसळा. दीड-दोन मायक्रोलिटर थेट वेलमध्ये टाकू नका. डीएमएसओ जड असतो, तळाशी बसतो आणि नेमक्या त्याच जागच्या पेशी मरतात.

शून्य दिवशी वेल पूर्ण भरलेला हवा. जुना मीडिया काढून सीएचआयआर असलेला, इन्सुलिनशिवायचा मीडिया प्रत्येकी २ मिली घाला आणि वेळ लिहून ठेवा. २४ तासांनी, तासाभराच्या आत-बाहेर, तो काढून साधा इन्सुलिनशिवायचा मीडिया द्या. पहिल्या दिवसाचं दृश्य नवख्याला घाबरवतं: मीडिया गढूळ, वर तरंगणाऱ्या मेलेल्या पेशींचा थर, खाली जागोजागी भोकं. तळाचा निम्म्याहून जास्त थर चिकटून असेल तर काळजी नको, तिसऱ्या दिवसापर्यंत तो पुन्हा दाटतो. वेल जवळपास रिकामाच झाला असेल तर सीएचआयआर जास्त झाला किंवा पेशी कमी पडल्या. उलट मेलेलं काहीच दिसत नाही आणि वसाहती तशाच गोलगरगरीत राहिल्या, तर सीएचआयआर कमी पडला.

तिसऱ्या दिवशी प्रत्येक वेलमधला १ मिली मीडिया काढून नळीत जपा, उरलेला टाका. जपलेल्यात तेवढाच ताजा इन्सुलिनशिवायचा मीडिया आणि ५ मायक्रोमोलर आयडब्ल्यूपी-२ मिसळून परत घाला. जुना अर्धा ठेवायचा तो पेशींनी स्वतः सोडलेल्या संकेतांसाठी, बीएमपी त्यातलाच. आयडब्ल्यूपी-२ नीट विरघळत नाही. ५ मिलिमोलर साठा ३७ अंशांवर काही मिनिटं धरून, स्फटिक गेल्याची खात्री करूनच वापरा. स्फटिक राहिले तर औषध घातलं आणि पोचलं नाही, असा प्रकार होतो. हा टप्पा चौथ्या दिवसावर ढकलू नका. विंट जास्त वेळ चालू राहिला की मध्यस्तर हृदयाऐवजी पाठीच्या कण्याजवळच्या ऊतींकडे झुकतो.

पाचव्या दिवशी आयडब्ल्यूपी-२ काढून साधा इन्सुलिनशिवायचा मीडिया. सातव्या दिवसापासून इन्सुलिनसह, दर तीन दिवसांनी बदल. आठव्या ते बाराव्या दिवसात ठोके दिसतात, बहुधा आधी कडेच्या एखाद्या पट्ट्यात. प्लेट इन्क्युबेटरबाहेर आली की थंड होते आणि ठोके मंदावतात, म्हणून पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच बघून घ्या. या दिवसांत पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा. आकुंचनाने ताणलेला थर धक्क्याने सोलून निघतो आणि परत चिकटत नाही.

ठोके न येण्याचं कारण शोधायचं तर पुढच्या वेळी एकेक वेल मधेच थांबवून आरएनए काढा. त्यात त्या-त्या टप्प्याची खूण असलेली जनुकं चालू आहेत का ते बघा: पहिल्या दिवशी ब्रॅकियुरी, तिसऱ्या दिवसाच्या आसपास मेस्प-१, पाचव्या ते सातव्या दिवशी इस्लेट-१ आणि एनकेएक्स२-५, नंतर ट्रोपोनिन-टी. ब्रॅकियुरीच नसेल तर दोष सीएचआयआर किंवा पेरणीत. मेस्प-१ आहे पण एनकेएक्स२-५ नाही, तर आयडब्ल्यूपी-२ किंवा इन्सुलिन तपासा.

आणि डोळ्यांवर विसंबू नका. निम्म्याहून कमी हृदयपेशीही अख्खा थर हलवतात. पंधराव्या दिवशी ट्रोपोनिन-टी या हृदयपेशींच्या प्रथिनाची खूण लावून फ्लो सायटोमेट्री (यंत्राने एकेक पेशी मोजणं) करा. हृदयपेशींचा आकडा ८० टक्क्यांच्या वर आला की बॅच चांगली. कमी आला तर ग्लुकोज नसलेल्या आरपीएमआयमध्ये ४ मिलिमोलर लॅक्टेट देऊन चारेक दिवस ठेवा. हृदयपेशी लॅक्टेटवर तग धरतात, बाकीच्या बहुतेक मरतात. आरपीएमआयचा ग्लुकोज नसलेला प्रकार मुद्दाम मागवावा लागतो, नेहमीच्यात सुमारे ११ मिलिमोलर ग्लुकोज असतं.

याच कृतीने बहुतांश पेशी निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) प्रकारच्या होतात. अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) हव्या असतील तर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान ०.५ ते १ मायक्रोमोलर रेटिनोइक आम्ल द्या, कारण गर्भातही अलिंदाची ओळख रेटिनोइक आम्लच ठरवतं. ते उजेडात खराब होतं, तेव्हा नळीला फॉइल गुंडाळा, हुडचा (निर्जंतुक कामाच्या कपाटाचा) दिवा मंद करा आणि एकदा वितळवलेला साठा परत गोठवू नका.