कपाटात बसून केलेला 'आ'

गेल्या महिन्यात मी गोधड्यांच्या कपाटात तोंड खुपसून दोन दुपारी नुसता 'आ' करत होतो. कारण टेन सीसी या इंग्लिश बँडचं 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह'. १९७५चं गाणं, संथ इलेक्ट्रिक पियानो आणि त्यामागे धुक्यासारखा पसरलेला माणसांचा आवाज. ते धुकं घरी कसं करायचं, ते सांगतो.

मूळ कृती अशी. इंग्लंडात स्टॉकपोर्टला त्यांचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. गाणं आधी बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्यावर केलं, फसलं, टेप पुसली. पण स्टुडिओतली माणसं चाल गुणगुणत राहिली म्हणून पुन्हा हातात घेतलं. बँडमधला केविन गॉडली म्हणाला, सगळं आवाजांवरच करू. बँडमधल्या तिघांनी एकेक सूर सोळा-सोळा वेळा गायला, म्हणजे एका सुराला ४८ आवाज. असे तेरा सूर, ६२४ आवाज! सगळे टेपच्या लूपवर, म्हणजे टोकं जोडलेल्या टेपच्या वेटोळ्यावर, अखंड फिरत ठेवलेले.

आपल्याला तेरा नकोत. पांढरी एक सा धरा आणि सा, ग, म, प, ध एवढेच घ्या. सा-ग-प, ध-सा-ग, म-ध-सा हे तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) त्यात बसतात. प्रत्येक सूर बारा सेकंद, दोघांनी मिळून बारा वेळा. पहिले चार माइकजवळ, पुढचे चार हातभर मागून, उरलेले दारातून. पंखा बंद.

शास्त्रीय शिकलेल्यांनी जपून. माझी आतेबहीण विशारद आहे; तिचा पंचम दर वेळी शेवटी मींडेने मध्यमावर उतरायचा. 'अगं, तानपुऱ्याची तार हो, गाऊ नकोस,' असं सांगून सांगून माझाच घसा बसला. किंचित बेसूर राहिलेले टेक मात्र फेकू नका, सूर आपोआप सरळ करणारं ऑटोट्यून तर लावूच नका. त्या केसभर फरकानेच बारा जणांचा थवा वाटतो. सगळे तंतोतंत जुळले तर एकच जाडा माणूस ऐकू येतो.

आता प्रत्येक टेकची सुरुवात आणि शेपूट कापून मधले आठ सेकंद ठेवा, लूप करा. जोडावर क्रॉसफेड द्या, म्हणजे शेवट विरत असतानाच सुरुवात चढू द्या, नाहीतर दर आठ सेकंदांनी 'टक्' वाजतं. माझ्या धैवतात टक् नव्हतं, कुकरची शिट्टी होती. ती मला हेडफोन लावल्यावर कळली. अख्खा धैवत पुन्हा.

खरी गंमत मिक्सिंगला. पाच सुरांचे पाच फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके), कॉर्ड बदलला की काही वर, काही खाली. पण कुठलाच शून्यावर नेऊ नका. हे गाणं गाणाऱ्या एरिक स्टुअर्टने फेडरच्या तळाशी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे ते पूर्ण बंदच होऊ नयेत. न लागणारे सूरही तळाला कुजबुजत राहतात, धुकं येतं ते तिथून.

कीबोर्डवर इलेक्ट्रिक पियानोचा टोन लावा आणि कमी वाजवा. मुख्य आवाज एकच, कोरडा. स्टुअर्टच्या बायकोने विचारलं होतं, 'प्रेम आहे असं वरचेवर का म्हणत नाहीस?' त्याला वाटे, सारखं म्हटलं की शब्द गुळगुळीत होतो. म्हणून त्याने प्रेम नाकारणारा माणूस लिहिला. इथे रडवेला गळा लावलात तर सगळं मुसळ केरात. सहा मिनिटांचं हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत दुसऱ्या.

मधे एक बाई कुजबुजते. ती गायिका नव्हे, स्टुडिओची रिसेप्शनिस्ट. तेव्हा तुम्हीही न गाणारं माणूस शोधा. मी आईला गाठलं. तिला कुजबुजता येत नाही. तिसऱ्या टेकला वैतागून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, 'त्या गोधड्या नीट घडी करून ठेव.' मी तेच ठेवलंय.